‘राजी’ आहे, खुशी कुठं आहे?

 

आम्ही कोल्हापूरच्या एका पेठेतल्या बायका. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, एक पिक्चर बघतो आणि मग त्यावर बोलतो. आमच्यात कॉलेजला जाणारी पोर आहे, सत्तरी ओलांडलेल्या आज्जी आहेत, शिक्षिका आहेत, खानावळ चालवणाऱ्या वहिनी आहेत आणि निवृत्त फौजीची बायकोही आहे. या वेळी आम्ही ‘राजी’ बघितला. पिक्चर २०१८ सालचा, म्हणजे जुना झाला म्हणाल. पण टॉकीजमधून उतरलेला पिक्चर आता घरात येऊन बसतो आणि परत परत बघितला जातो, म्हणून आज त्याविषयी बोलणार आहोत. शेवटासकट बोलणार आहोत. ज्यांना आधी बघायचा असेल, त्यांनी बघून मग हे ऐकलं तरी चालेल.

घरी बघण्याबद्दल आधी थोडं सांगतो. आमच्यातल्या मोठ्या बायकांनी उषा, पद्मा, पार्वती टॉकीजला पिक्चर बघितले. मग १९८०च्या दशकात व्हिडिओ आला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, गल्लीनं वर्गणी काढायची आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे, कारण सकाळी मशीन परत द्यायचं असायचं. त्या रात्री बायकांच्या वाट्याला पहिला पिक्चर अर्धा यायचा आणि उरलेल्या दोन पिक्चरभर चहा करणं यायचं. आता मोबाइलवरून टीव्हीवर लावता येतो आणि रिमोट आपल्या हातात असतो. कुकरची शिट्टी झाली, थांबवला. एखादं वाक्य पटलं नाही, थांबवला आणि भांडून घेतलं. ‘राजी’ दोन तास वीस मिनिटांचा आहे. आम्हाला तो संपवायला चार तास लागले.

गोष्ट १९७१ची आहे. सेहमत ही काश्मीरमधली मुलगी, दिल्लीला कॉलेजात शिकते. तिचे वडील हिदायत खान भारतासाठी हेरगिरी करतात आणि पाकिस्तानातल्या एका ब्रिगेडियरशी त्यांची मैत्री आहे. वडिलांना असाध्य आजार होतो. युद्ध जवळ आलेलं असतं. तेव्हा ते ठरवतात, की मुलीचं लग्न त्या ब्रिगेडियरच्या धाकट्या मुलाशी लावायचं आणि तिनं त्या घरातून बातम्या पाठवायच्या. सेहमत तयार होते, थोड्या दिवसांचं शिक्षण घेते आणि सीमा ओलांडून नांदायला जाते. नवरा इक्बाल, तोही फौजेतला. सेहमत झाली आहे आलिया भट्ट आणि इक्बाल झाला आहे विकी कौशल. सेहमतच्या आईचं काम सोनी राझदाननं केलं आहे, म्हणजे आलियाच्या खऱ्या आईनंच. दिग्दर्शन मेघना गुलजारचं. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री, तिन्ही बक्षिसं याच पिक्चरला मिळाली.

हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. आपल्या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी १९४३ साली त्यांच्यावर पिक्चरही काढला होता. लहानपणापासून आपण ऐकतो, की बहिर्जी कधी फकीर व्हायचे, कधी वासुदेव, कधी भिकारी. सेहमतला यातलं काही करावं लागत नाही. नव्या नवरीचा पोशाख हेच तिचं सोंग. आणि ते सोंग इतकं ओळखीचं आहे, की कुणी त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघतसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, पिक्चर पहिल्यांदा थांबला तो इथंच. सेहमत त्या घरात जाऊन काय करते? कोण किती वाजता उठतं, कोण कधी बाहेर जातं, सासऱ्यांची खोली केव्हा रिकामी असते, कुठली किल्ली कुठं असते, कुणाच्या पावलाचा आवाज कसा आहे, हे सगळं शिकते. सासऱ्यांचं मन जिंकते. घरातल्या जुन्या माणसाला सांभाळून घेते. कमी बोलते, जास्त ऐकते. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, हे तर आम्ही सगळ्यांनीच केलंय. आम्हाला फक्त बातमी कुठं पाठवायची ते ठाऊक नव्हतं.” हसलो सगळ्या. पण ते बोलणं खरं आहे. नव्या सुनेनं पहिल्या महिन्यात घराची जेवढी माहिती गोळा केलेली असते, तेवढी तिथं जन्मलेल्या मुलाला आयुष्यभरात होत नाही. फरक एवढाच, की आपण ती संसार टिकवायला वापरतो आणि सेहमत ती युद्धासाठी वापरते. ती तारयंत्राचे ठोके देते तेही न्हाणीघरात बसून, कारण साऱ्या घरात बाईला दार लावून घेता येईल अशी तेवढीच जागा.

त्या घरात फौजेचे तीन अधिकारी राहतात. सासरे, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा. शत्रू ओळखणं हेच तिघांचं काम. तरी तिघांपैकी एकालाही सुनेचा संशय येत नाही. संशय येतो तो अब्दुलला, घरातल्या जुन्या नोकराला. आम्ही यावर बराच वेळ बोललो. नोकराला संशय का यावा? कारण त्या घरात आणखी कुणाकडं लक्ष जात नसेल, तर ते त्याच्याकडं. तोही सगळ्यांच्या आधी उठतो, सगळ्यांच्या नंतर जेवतो, तोही पडद्याआडून ऐकतो. काम करणारं माणूस काम करणाऱ्या माणसाला ओळखतं. साहेब लोकांना चहा दिसतो, चहा आणणारा हात दिसत नाही. पुढं सेहमत पकडली जाऊ नये म्हणून त्याच अब्दुलला जीपखाली चिरडते. तो प्रसंग आम्ही थांबवला नाही, कुणी काही बोललंही नाही. पिक्चरच्या सुरुवातीला खारीचा जीव वाचावा म्हणून स्वतःला जखम करून घेणारी ही मुलगी आहे, हे तेव्हा आठवतं.

आता मुनिराबद्दल. मुनिरा म्हणजे थोरली सून, सेहमतची जाऊ. हे काम आपल्या अमृता खानविलकरनं केलं आहे. कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आपण सगळ्यांनी बघितला, त्यात तिची लावणी होती. इथं ती अगदी शांत आहे. परक्या देशातून आलेल्या धाकट्या जावेला ती जवळ करते, घरात रुळवते. थोरल्या जावेनं एवढं करणं म्हणजे काय, ते नांदलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. आणि नंतर संशय आपल्यापर्यंत पोचतोय असं दिसल्यावर सेहमत याच मुनिराच्या नवऱ्याला विषप्रयोगानं मारते. मग मुनिराजवळ बसून तिचं रडणंही बघते.

आमच्यातल्या फौजीच्या बायकोनं इथं रिमोट मागून घेतला. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजवायला लागत नाही. शिरोळ तालुक्यात तर टाकळी गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. घराघरातली माणसं फौजेत. सीमेवर काही झालं, की इथल्या किती घरांत त्या रात्री चूल पेटत नाही. ती म्हणाली, “मी सेहमतकडं बघतच नव्हते. मी मुनिराकडं बघत होते. वर्दी वेगळी असली तरी दाराशी येणारी बातमी तीच असते.” आम्हाला वाटतं, या पिक्चरचं मोठेपण इथं आहे. शत्रूच्या घरात त्यानं राक्षस दाखवले नाहीत. त्या घरात प्रेमळ सासरा आहे, समजूतदार नवरा आहे, जीव लावणारी जाऊ आहे. मारायची वेळ येते ती असल्या माणसांना. त्यातलं ‘ऐ वतन’ हे गाणं आठवा. शाळेतली पाकिस्तानी मुलं ते आपल्या देशासाठी गातात, त्यांच्याबरोबर गाणारी सेहमत आपल्या देशासाठी गाते. शब्द तेच. दोघंही खोटं गात नाहीत.

आणि इक्बाल. कॉलेजवाली पोर म्हणाली, की असा नवरा मिळाला तर मी पण सीमा ओलांडीन. लग्नाच्या रात्री तो सेहमतला सांभाळून घेतो, वेगळा झोपतो, तिला वेळ देतो. बायकोचं माहेर शत्रूच्या देशात, तरी घरात कुणी भारताबद्दल वाईट बोललं तर तिला किती लागत असेल, याची त्याला जाण आहे. हळूहळू दोघांत खरं प्रेम जमतं. म्हणजे बघा, ज्या नवऱ्यानं तिची मर्जी विचारली, त्यालाच तिला फसवावं लागलं. आणि ज्यांनी तिची मर्जी गृहीत धरली, त्यांच्यासाठी तिनं जीव धोक्यात घातला.

म्हणून आम्हाला बोलायचं आहे ते पिक्चरच्या नावाविषयी. राजी म्हणजे तयार असलेली, होकार दिलेली. सेहमतला कुणी बांधून नेलं नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं होकार दिला. पण विचारलं कुणी? मरणाला टेकलेल्या बापानं. विचारलं कसं? ब्रिगेडियरला शब्द देऊन झाल्यावर, मुलीला कॉलेजातून बोलावून घेऊन. आजोबांनी देशासाठी काय केलं, वडील काय करत आले, हे सगळं समोर मांडून. अशा वेळी वीस वर्षांच्या मुलीनं काय म्हणावं? आमच्यातल्या आज्जी म्हणाल्या, “देशापुढं कसलं आलंय विचारणं? फौजेतल्या पोराला विचारतात का?” त्यावर शिक्षिका म्हणाल्या, “आज्जी, पोरगा भरतीला स्वतःच्या पायानं जातो. आणि त्याला तिथं कुणाशी संसार करायला लावत नाहीत.” या मुद्द्यावर आमचं एकमत झालं नाही, अजूनही नाही.

इथं एका खऱ्या बाईची गोष्ट सांगावीशी वाटते. नूर इनायत खान. तिचे वडील बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या काळातले बडोद्याचे मोठे गवई. नूरचा जन्म १९१४चा मॉस्कोतला, ती वाढली फ्रान्समध्ये, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना फ्रान्समध्ये गुपचूप तारायंत्र चालवणारी माणसं हवी होती. १९४२च्या नोव्हेंबरात तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्यानं तिला स्पष्ट सांगितलं, की तुझ्या अंगावर गणवेश नसेल, पकडली गेलीस तर छळ होईल आणि मारूनही टाकतील. हे ऐकून ती हो म्हणाली. १९४३च्या जूनमध्ये ती फ्रान्समध्ये उतरली. सोबतचे लोक पकडले गेले, परत ये म्हणून सांगितलं गेलं, तरी ती पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. तिला १९४९ साली मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तिच्या मरणाचं दुःख आहेच. पण तिच्या होकाराबद्दल शंका येत नाही. विचारणारा परका होता, धोका लपवला नव्हता, आणि नाही म्हणाली असती तर तिच्या घरातलं कुणी तिच्यावर रुसणार नव्हतं. होकाराला वजन येतं ते यामुळं.

सेहमत खरी होती का, असं आम्हाला दोघी-तिघींनी विचारलं. पिक्चर हरिंदर सिक्का या निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या ‘कॉलिंग सेहमत’ या २००८ सालच्या इंग्रजी कादंबरीवर आहे. ही गोष्ट खऱ्या बाईवरून घेतली आहे आणि तिचं खरं नाव मुद्दाम लपवलं आहे, असं ते सांगतात. इतिहासात पक्कं आहे ते हे, की ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारत म्हणतो आमच्या ‘राजपूत’ या युद्धनौकेनं बुडवली, पाकिस्तान म्हणतं स्फोट अपघातानं झाला. ती जिच्या मागावर होती ती ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानकडं होती. एका सुनेच्या न्हाणीघरातून गेलेल्या बातमीचा यात किती वाटा होता, ते कादंबरी सांगते, इतिहास सांगत नाही. त्यामुळं पिक्चर बघताना तो गोष्ट म्हणूनच बघावा.

पण राजी हा शब्द काही फक्त पिक्चरचा नाही. आपल्याकडं तो रोजचा आहे. जमिनीचं हक्कसोडपत्र कुणी वाचलंय का? आमच्यातल्या चौघींनी त्यावर सही केली आहे. त्यात लिहिलेलं असतं, की मी राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा भावाच्या नावे सोडते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा घेतात आणि पाच मिनिटांत काम होतं. कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. आणि एकदा रीतसर नोंदलेलं हक्कसोडपत्र मागं फिरवणं फार अवघड असतं.

सही करणं चूक आहे, असं आम्ही म्हणत नाही. भावावर माया असते. माहेरचं दार उघडं राहावं असं वाटतं. चौघींपैकी दोघी म्हणाल्या, आम्ही खरोखर मनापासून सोडलं आणि आजही आम्हाला त्याचं काही वाटत नाही. तिसरी म्हणाली, “मला गाडीत बसल्यावर सांगितलं कुठं चाललोय ते.” चौथी काही बोलली नाही, तिनं कपबशा गोळा केल्या. कागद मात्र चौघींचे सारखेच. चौघींच्या कागदावर राजीखुशीनं असंच लिहिलंय.

लग्नाचंही तसंच. पोरगी हो म्हणाली, असं आपण सांगतो. तिला कधी विचारलं? पाहुणे आत बसलेले, पोहे दिलेले, वडिलांच्या छातीत मागच्याच महिन्यात दुखलेलं. अशा वेळी खाली मान घालून गप्प बसली, की तो होकार. सेहमतची गोष्ट आपल्याला फार लांबची वाटते, काश्मीर, पाकिस्तान, तारायंत्र. पण ज्या खोलीत बापानं मुलीला विचारलं ती खोली आपल्या ओळखीची आहे.

पिक्चरच्या शेवटी काय होतं? भेद फुटतो. इक्बालला सगळं कळतं. तिला परत आणायला आलेली आपलीच माणसं, ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिला मारायलाही तयार असतात. स्फोटात इक्बाल मरतो, त्याच्याजवळची बुरख्यातली दुसरी बाई मरते, सेहमत वाचते. आपल्या माणसांनी आपल्याला मेलं तरी चालेल असं धरलं होतं, हे तिला कळतं. तेव्हा ती त्यांना स्पष्ट सांगते, की मला या जगातून बाहेर काढा, मला घरी जायचं आहे. मग तिला दिवस गेल्याचं समजतं. आता आणखी एक खून माझ्या हातून होणार नाही, मूल मी वाढवणार, असं ती ठरवते. साऱ्या पिक्चरमध्ये तिनं स्वतःसाठी घेतलेला हा पहिला निर्णय. त्याआधी ती राजी होती. इथं ती स्वतःच्या मनानं बोलते. पुढं ती एकटीच राहते, खिडकीशी बसलेली दिसते. देशानं तिचा विजय घेतला, तिच्या वाट्याला काय आलं ते दिग्दर्शिकेनं न बोलता दाखवलं आहे.

आज्जींनी शेवटी विचारलं, “मग तिनं नाही म्हणायला पाहिजे होतं का?” आमचं म्हणणं तसं नाही. कदाचित तिला नीट विचारलं असतं, आठ दिवस दिले असते, आईचंही मत घेतलं असतं, तरी ती गेलीच असती. नूर गेली होतीच की. पण मग तो होकार तिचा असता. बापाची काळजी, आजोबांची पुण्याई आणि घराण्याची अब्रू यांनी मिळून दिलेला नसता.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘राजी’ जरूर बघा. एकटीनं बघू नका, सासूबाईंना, जावेला, कॉलेजातल्या लेकीला घेऊन बसा. मुलांबरोबर बघण्यासारखा आहे, फक्त माणसं मारण्याचे प्रसंग आहेत, ते लहानग्यांना समजावून सांगा. वडील लेकीला विचारतात तो प्रसंग आला, की रिमोट हातात घ्या आणि तिथं थांबवा. घरातल्या प्रत्येकीला विचारा, की तू काय म्हणाली असतीस. आणि आपल्या घरात एखाद्या पोरीकडून, बहिणीकडून, सुनेकडून हो घ्यायची वेळ आली, तर तीन गोष्टी बघा. तिला सगळं सांगितलंय का? विचार करायला दिवस दिलेत का? आणि ती नाही म्हणाली, तर तिच्याशी आपण उद्याही तसंच बोलणार आहोत का? तिन्हींचं उत्तर हो आलं, तरच कागदावर राजीखुशीनं लिहावं.

तुम्ही बघितलात तर तुमच्या घरात काय वाद झाला, तो आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच.